शेंगांची जत्रा

कतीफजवळच्या आमच्या तेल कंपनीच्या कॅम्पात लुइझियानाचा एक थोराड अमेरिकन वेल्डर होता. आखाती युद्धात सायरन वाजला, की गॅस मास्क चढवता चढवता तो मला विचारायचा, "यंदा कुठली जत्रा करू?" त्याच्या मुलुखात गावोगाव झायडेकोच्या जत्रा. त्यानं सांगितलेल्यांपैकी मी एक सुचवली, की ह्याला दुसरीकडचा नाच बरा वाटायचा.

झायडेको हा शब्द शेंगांवरून आलाय, असं त्यानंच सांगितलं. मी ती आपली पोपटीच समजलो. म्हटलं, "आमच्या रायगडातही मडक्यात वालाच्या शेंगा भाजून पोपटी लावतात. ये की!"

"अरे, अकॉर्डियनवरचं गाणं आहे ते!" तो पोट धरून हसला.

एकदा स्फोट फारच जवळ झाला. त्यानं काही विचारलंच नाही. शेवटी मीच विचारलं, "यंदा कुठली?"

मास्कमधून घोगरा आवाज आला, "तुझी. शेंगांची. अकॉर्डियन मी आणतो."