सहा माणसं आणि एकच माइक

“गुड आफ्टरनून,” फिलोमिना टीचर माइकमध्ये म्हणाल्या, आणि मोरजीच्या माडांमधून “नून… नून… नून…” असं सात वेळा परत आलं.

माडांवरचे कावळे उडाले. टीचरनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

चूक माझीच. माझा मिक्सर आदल्या दिवशी पाळी गावच्या जत्रेत होता. मिक्सर म्हणजे बटणांच्या रांगा असलेली ती पेटी, जिच्यामागे बसून मी स्वतःला फार मोठा समजतो. आमच्याकडची जत्रा नाटकाशिवाय होत नाही, आणि नाटकातला राजा दरबारात आला की त्याला इको लागतो. एक शब्द बोलला की तोच चार-पाचदा घुमला पाहिजे. नाहीतर लोकांना तो राजा वाटत नाही, तलाठी वाटतो. ते इकोचं बटण मी बंद करायला विसरलो होतो.

मी डिचोलीचा साऊंडवाला. जत्रा, नाटकं, भजनी स्पर्धा, लग्नं, पंचायतीच्या सभा. सव्वीस वर्षं आवाज मोठा करतोय. लहान करायला मला कोणी कधी सांगितलंच नाही, एक बायको सोडून. चतुर्थीला घरच्या आरतीलाही मी माइक लावतो आणि थोडा इको देतो. माझी बायको सुलक्षा दर वर्षी म्हणते, “गणपती समोरच बसलाय, म्हापशाला नाही.” मी दर वर्षी दुर्लक्ष करतो.

मोरजीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमधलं हे काम तिनेच माझ्या गळ्यात घातलं. तिचा धाकटा भाऊ गुरुदास हळर्णला राहतो, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे आणि घुमट वाजवतो. घुमट म्हणजे मातीचं भांडं. एका तोंडाला ताणलेलं कातडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचं आणि डाव्या हाताच्या पंजाने उघडं तोंड झाकत-उघडत राहायचं. मग आतली हवा घुमते. गोव्यात गणपतीची आरती त्याच्यावरच चालते.

हा गुरुदास वर्षभरापूर्वी एका बँडमध्ये गेला. लग्नातला बँड नव्हे. सहा माणसं: गिटार, मँडोलिन, व्हायोलिन, माणसाएवढ्या उंचीचं एक बास व्हायोलिन, फिलोमिना टीचरचा गळा आणि आमचं घुमट. एकालाही वायर नाही. गाणं सुरू होतं मांडावर, म्हणजे गावच्या अंगणात, बायका रात्री नाचत म्हणतात त्या धालोच्या चालीवर. मग चर्चच्या प्रार्थनेसारखं चार वेगवेगळ्या सुरांत वर चढतं. आणि शेवटी सगळेजण स्टेजवरच्या फळ्यांवर पाय आपटत असा धुमाकूळ घालतात, की रॉकवाल्यांनी खुर्ची घेऊन बसावं.

अडचण घुमटाचीच होती. आधीच्या दोन कार्यक्रमांत ते एकदा कोणाला ऐकूच आलं नाही, आणि एकदा त्याच्याशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. आता बेंगळुरूच्या एक मॅडम येणार होत्या. एका मोठ्या महोत्सवासाठी बँड निवडणं हे त्यांचं काम. चार वाजता येऊन अर्धा तास ऐकणार आणि तडक मोपाच्या विमानतळावर जाणार.

“भावजी,” गुरुदास मला फोनवर म्हणाला होता, “या वेळी घुमट बसलं नाही तर माझ्या जागी कहोनवाला घेणार आहेत.” कहोन म्हणजे लाकडी खोका. त्याच्यावरच बसायचं आणि त्यालाच बडवायचं.

सुलक्षाने डबा हातात देताना एवढंच सांगितलं, “माझ्या भावाचं वाजणं ऐकू आलं पाहिजे. नाही आलं, तर रात्रीचे हळर्णलाच जेवा. त्याच्या बायकोच्या समोर बसून.”

म्हणून मी नऊ माइक घेऊन गेलो.

बँडचा म्होरक्या आग्नेल. गिटार वाजवतो, बोलतो हळू, त्यामुळे जास्तच राग येतो. त्याने माझे स्टँड मोजले.

“पात्रांव, हे कितें?” पात्रांव म्हणजे मालक. गोव्यात ज्याच्यावर चिडायचं असतं त्यालाही प्रेमाने तेच म्हणतात.

“माइक.”

“नऊ?”

“सहा माणसांना सहा. तीन स्पेअर.”

“आम्हांला एक पुरे.”

“स्पेअर एक?”

“नाही. सगळ्यांत मिळून एक.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण नाही. हे लोक एका मोठ्या माइकभोवती अर्धगोल उभे राहतात. ज्याची पाळी असेल तो एक पाऊल पुढे येतो, बाकीचे मागे सरतात. आवाज कमी-जास्त करण्याचं काम पायांनी होतं.

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“एकदा लावून दे. मग कॉफी पी.”

सव्वीस वर्षांत माझा इतका शांतपणे अपमान कोणी केला नव्हता. मी म्हटलं, एकदा माझ्या पद्धतीने ऐका, मग बोला. नऊच्या नऊ माइक लावले. टीचरचं ते “गुड आफ्टरनून” त्यातच गेलं. इको बंद केला, आवाज चढवला, आणि स्पीकरने “कुंईऽऽ” अशी किंकाळी फोडली. याला आम्ही फीडबॅक म्हणतो. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, माइकमधून परत स्पीकरमध्ये येतो, आणि ते चक्र कानात खिळा मारेपर्यंत थांबत नाही. माइक जितके जास्त, तितकी त्याला जागा जास्त.

रिसॉर्टचा मॅनेजर धावत आला. त्याने सकाळीच बजावलं होतं: किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, छोटे दोनच स्पीकर लावायचे आणि त्यांची तोंडं रस्त्याकडे ठेवायची. “अहो, कासवं!” तो ओरडला. जणू मी ती पिशवीत घालून नेत होतो.

नऊ माइक गुंडाळले. एक लावला. तेव्हा अडीच वाजले होते.

एक माइक म्हणजे फार हळवा माइक. दहा हातांवरून कोणी नाक ओढलं तरी त्याला कळतं. बँडने सुरुवात केली, सुंदर चाललं, आणि शेवटी सहा जणांनी फळ्यांवर पाय आपटले. धडाम! पायाचा हादरा फळीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माइकमध्ये. स्टँडखाली गालिचा घातला. धडाम. गालिचावर रिसॉर्टची दोन पायपुसणी घातली. धडाम. मग मिक्सरवरचं जाड आवाज गाळणारं बटण दाबलं. धडाम गेलं, पण त्याच्याबरोबर घुमटाचा सगळा घुमारही गेला. उरली ती फक्त टकटक. कोणी दारावर आल्यासारखी.

“पाय आपटू नका ना,” मी आग्नेलला म्हटलं.

“मग तू बसून गा,” तो म्हणाला. त्याचा अर्थ मला आजही नीट कळलेला नाही, पण उत्तर नाही असं होतं.

सव्वातीन. मी टेंपोत जाऊन डब्यातला भाजी-उंडो, म्हणजे भाजी-पाव, खाल्ला. खाता खाता समोर पाळीच्या नाटकाची दोरी दिसली, आणि माझीच मला लाज वाटली. नाटकात नट दणादणा चालतात, तलवारी आपटतात. म्हणून आम्ही तिथे माइक स्टँडवर ठेवतच नाही, वरच्या पाइपला टांगतो. हे काम मी दर जत्रेला करतो. स्टँडवरचे माइक मी मोरजीला आणले, कारण पाहुण्यांसमोर नीटनेटकं दिसावं.

सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या, दोरीला बांधल्या, दोरी स्टेजवरच्या आडव्या पाइपला टांगली आणि माइक तोंडाच्या उंचीला लोंबकळत सोडला. रबरात हादरा मरतो. सहा जणांनी पाय आपटले. फळ्या वाजल्या, माइक गप्प.

“बरें!” आग्नेल म्हणाला. दिवसभरातला त्याचा पहिला चांगला शब्द.

आता घुमट. गुरुदास दोन पावलं पुढे उभा राहून, प्रेक्षकांना मान द्यावा म्हणून कातडं समोर धरून, घामाघूम होऊन बडवत होता. टीचरचा आवाज त्याखाली गाडला जात होता. मी फेडर खाली घ्यायचो. फेडर म्हणजे आवाज सरकवायची पट्टी. पण माइक एकच, त्यामुळे टीचरही खाली जायच्या. वर घ्यायचो, तर गुरुदास वर. एका पट्टीवर सहा माणसं. मी ती वर-खाली करत बसलो, विहिरीच्या रहाटासारखी.

“गुरू, हळू वाजव,” मी ओरडलो.

“हळू वाजवून घुमट वाजत नाही, भावजी!”

“मग मागे सर.”

“आरतीला आम्ही असे मागे-पुढे नाचतो काय?”

तेही खरंच. आरतीत सगळे एकदम सगळा जोर लावून वाजवतात. आपला वेगळा आवाज ऐकू यावा अशी तिथे कोणाची अपेक्षाच नसते.

पावणेचारला आग्नेल माझ्या कानाशी आला. “पात्रांव, मी मांद्र्याच्या कहोनवाल्याला बोलावलंय. गेटवर बसलाय. गुरूला सांगू नको, वाईट वाटेल.”

मी गेटकडे पाहिलं. एक माणूस खोक्यावर बसून आइस्क्रीम खात होता. गुरुदासनेही पाहिलं. न सांगता त्याला कळलं. त्याने घुमट छातीशी धरलं आणि उगाच त्याची दोरी घट्ट करायला लागला. मला सुलक्षा दिसायला लागली, हळर्णचं ताट दिसायला लागलं, पण त्याहून जास्त तो दोरी ओढणारा हात दिसला. माझा हात परत फेडरवर गेला.

तेवढ्यात टीचर पुढे आल्या. साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर चर्चचा कॉयर उभा केलेला. कॉयर म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा चमू, तिथे माइकही नसतो.

“गुरुदास, इकडे ये बाबा. ज्याचा आवाज मोठा, तो मागच्या रांगेत. शिक्षा नाही ती, जागा आहे. आणखी मागे. आता वळ, उघडं तोंड माइककडे कर. कातडं त्या कावळ्यांना ऐकव.”

“पण टीचर, प्रेक्षकांकडे पाठ?”

“अर्धी पाठ. त्यांना मी बघते. तुझी पाळी आली की मी भुवई उडवेन. तेव्हा दोन पावलं पुढे ये, आणि झालं की परत जा.”

भावजीचं न ऐकणारा गुरुदास निमूट मागे गेला. मी म्हटलं, “टीचर, इतक्या मागून घुमट ऐकू येणार नाही. मला थोडं वर घ्यावं लागेल.”

“तू हात काढ त्या बटणांवरून.”

“काढून कुठे ठेवू?”

“त्यांच्यावर बस.”

गेटमधून गाडी आत आली. मॅडम उतरल्या, खुर्चीवर बसल्या आणि घड्याळ पाहिलं. मी खरोखरच हातांवर बसलो.

टीचरनी धालोची ओळ उचलली. इको नाही, काही नाही, नुसता गळा. मँडोलिन पुढे आलं, मागे गेलं. घुमट मागून इतकं बारीक येत होतं की माझी बोटं मांड्यांखाली वळवळायला लागली. चौघांचे सूर चढले. टीचरची भुवई उडाली. गुरुदास दोन पावलं पुढे आला, उघडं तोंड माइकला दिलं, पंजा उघडला, आणि आत कोंडलेली हवा बाहेर पडली. ‘घुम्म.’ माझ्या छोट्या दोन स्पीकरांतून, मी बोटही न लावता. सव्वीस वर्षांत घुमट माझ्या पेटीतून असं कधी आलं नव्हतं. मग सहाही पाय फळ्यांवर, आणि मॅडमचा सातवा खुर्चीखाली.

गाणं संपलं तेव्हा गुरुदास आपसूक मागे गेला होता. टीचरनी त्याला हात धरून पुढे आणलं.

मॅडम जाताना आग्नेलला म्हणाल्या, “तारखा कळवते. येताना हे मडकं घेऊन या. ते नसेल तर येऊ नका.” गेटवरचा खोका उचलला गेला. आग्नेलने त्या माणसाला आणखी एक आइस्क्रीम दिलं. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. “साऊंड फार छान होता. काय सेटिंग होतं?” मी मुंग्या आलेले हात झटकत टांगलेल्या माइककडे बोट दाखवलं.

या धंद्यातली अर्धी अक्कल माइक कुठे टांगायचा याची आहे. उरलेली अर्धी टीचरकडे आहे.

घरी आलो तर सुलक्षा ओट्याशी उभी राहून मोबाइलवर तेच गाणं ऐकत होती. भावाने पाठवलं होतं. तिने ते परत लावलं. घुमट आलं तेव्हा डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, “इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचा आवाज कानाला गोड लागला. काय केलंत हो?”

“काहीच नाही. हातांवर बसलो.”

तिने मोबाइल बंद केला आणि पान वाढायला घेतलं.

“मग येत्या चतुर्थीच्या आरतीलाही तुम्हांला पाटाच्या जागी हातांवरच बसवते.”