न घेतलेल्या गोळ्या

दिंडोशीच्या कोर्टात संघमित्रा खंडारे बावीस वर्षं बेंच क्लार्क होती. खटल्याचा नंबर सांगायचा अवकाश, पुढची तारीख ती फाइल न उघडता सांगायची. ही स्मरणशक्ती आपल्या आईची, असं ती पूर्वी कौतुकाने बोलायची. सुंदराबाई गोवंडीच्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. त्यांच्या हातावर जन्मलेल्या कितीतरी पोरांचे वार त्यांना तोंडपाठ होते.

त्याच सुंदराबाई आता लेकीच्या बोरीवलीच्या घरात राहायच्या आणि लेकीलाच विचारायच्या, "बाई, तुमचा कितवा महिना?"

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आईला स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं, तेव्हापासून संघमित्राने ते कौतुक बंद केलं होतं.

पन्नाशीला तिने रक्त तपासून घेतलं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, एकशे शहाऐंशी निघालं. डॉक्टर अनुपमा म्हणाल्या, "हृदयासाठी हे वाईट आहेच. पण मधल्या वयात ते असं वाढलेलं राहिलं, तर म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. रोज एक गोळी सुरू करू."

पुढचं तिला नीट ऐकूच आलं नाही. येताना तिने गोळ्या घेतल्या. पण त्याच आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला, की या गोळ्यांनीच माणूस विसरभोळा होतो. झालं, इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरांना फोन करावा तर त्या आणखी काही भयंकर सांगतील. तिने गोळ्या तूरडाळीच्या डब्यामागे सारल्या. दर महिन्याला नवीन पाकीट आणायची, तेही तिथेच ठेवायची आणि रात्र रात्र जागी राहायची.

मग एका सकाळी कोर्टात वकिलाने तारीख विचारली आणि डोक्यात काहीच उमटलं नाही. फाइल उघडून तिने तारीख सांगितली. वकील निघूनही गेला. पण ती फाइल तिने कितीतरी वेळ मिटली नाही. त्या दिवसापासून रिक्षात बसली की ती मनातल्या मनात उजळणी करायची. शेजाऱ्यांची नावं, शाळेतल्या बाईंचं आडनाव, नवऱ्याला जाऊन किती वर्षं झाली. एखादं नाव अडलं की जेवण जायचं नाही.

पहिल्या पाकिटानंतर चार महिन्यांनी तिची मुलगी दिशा डाळीचा डबा घासायला काढत होती. तिला पाकिटं दिसली.

"मम्मी, हे काय? एक पण गोळी घेतली नाहीस?"

"मला भीती वाटते गं."

"कशाची? गोळीची?"

"गोळीची पण, न घेण्याची पण." संघमित्रा खाली बसली. "उद्या मी तुला ओळखलं नाही तर?"

दिशाने सगळी पाकिटं पिशवीत भरली. आतल्या खोलीत आजी कुणाला तरी कळा सोसायला सांगत होती. दिशा एवढंच म्हणाली, "चल, दोघी जाऊ डॉक्टरांकडे. जे मला विचारलंस ते त्यांना विचार."

डॉक्टर रागावतील अशी तिची खात्री होती. त्यांनी आधी पाकिटं मोजली, मग खुर्ची पुढे ओढून तिचं सगळं ऐकून घेतलं. "काही जणांना गोळी सुरू केल्यावर विसरायला होतंय असं वाटतं, मग आपण डोस बदलून बघतो. पण या गोळीने स्मृतिभ्रंश होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि चार महिने नीट झोप नाही म्हणता, मग तारीख विसरणारच की हो."

"म्हणजे गोळी घेतली तर मला आईसारखं होणार नाही?"

"तशी हमी मी देणार नाही. कारणं पुष्कळ असतात. बीपी, साखर, ऐकू कमी येणं, एकटेपणा. वय आणि आईवडिलांकडून आलेलं आपल्या हातात नाही. हे कोलेस्टेरॉल मात्र आहे."

संघमित्राला हमी हवी होती. तरीही त्या दिवसापासून तिने गोळी सुरू केली, आणि सकाळी दिशाबरोबर नॅशनल पार्कच्या बाजूने चालणंही. तीन महिन्यांनी एलडीएल एकशे चारवर आलं. डॉक्टर खूश झाल्या. संघमित्राला हायसं वाटलं, पण ते दोन दिवसच टिकलं. सकाळी डोळे उघडले की आज वार कोणता, हे ती अजूनही आधी तपासते.

पुढच्या रविवारी ती दिशालाच कोलेस्टेरॉल तपासायला लॅबमध्ये घेऊन गेली.

"मी सव्वीस वर्षांची आहे, मम्मी."

"म्हणूनच."

दिशाने बाही वर केली. सुई टोचताना संघमित्राने तिचा दुसरा हात घट्ट धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.