आपाने बदललेला पंखा

कॉम्प्युटर बंद पडला म्हणून आपाला बोलावलं, की ती आधी कॉम्प्युटरकडे बघतच नसे. पहिली उलटतपासणी घरातल्या माणसांची. पाणी कोणी सांडलं, वायर कोणी ओढली, बंद पडायच्या आधी आवाज कसला आला? "मशीन झूठ नाही बोलत, बेटा. झूठ घरचे बोलतात," असं म्हणत ती मांडी ठोकून बसायची, आणि मारेगावातली भली भली माणसं तिच्यापुढे मुकाट्याने कबुली द्यायची.

तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. हत्यारं आणि खणखणीत आवाज, दोन्ही तिला त्यांच्याकडूनच मिळाले. साऱ्या गावाची ती आपा. स्कूटीच्या डिक्कीत पेचकस, रंगकामाचा जुना ब्रश आणि पेन्सिलीचं खोडरबर. कॉम्प्युटरचा डबा उघडण्याआधी अंगातली वीज उतरवायला ती खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायची. मग मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवत बोलत राहायची. तिच्यासारखी बिर्याणी पार वणीपर्यंत कोणाला जमत नाही, हे त्या पट्टीच्या निमित्ताने मी कितीदा ऐकलं असेल! अंदाज चुकायचेही तिचे, पण तेव्हा दोष पार्ट बनवणाऱ्याचा.

बाबा गेल्यावर आई मारेगाव सोडायला तयार नव्हती. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करत होते, म्हणून तिच्याजवळ राहता येत होतं. इंटरनेटची जोडणी पुढच्या खोलीत, आणि भाव चढेपर्यंत शेतातला कापूसही त्याच खोलीत, पार छतापर्यंत. त्या ढिगाला लागून माझं टेबल. अशात एका हिवाळ्यात कॉम्प्युटर काम करता करता एकाएकी बंद पडायला लागला. शेवटी साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, असंच चालणार असेल तर पुण्याला येऊन बसा. आईला एकटीला टाकून जायचं, की नोकरी सोडायची?

आपा आली. पट्टी पुसली, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली, पॉवर सप्लाय दुसरा लावून पाहिला. तिच्यासमोर कॉम्प्युटर अगदी गुणी बाळ. ती गेली, की संध्याकाळी पुन्हा अंधार. असं परत परत झालं. "हा मले घाबरते," असं ती हसून म्हणायची खरी, पण हळूहळू तिचाही चेहरा उतरायला लागला होता.

मग एका दुपारी ती न सांगताच आली, वणीहून परतताना सहज डोकावली. कॉम्प्युटरवर आईने शिवलेली खोळ होती. फ्रिज, मिक्सर, शिलाई मशीन, आमच्या घरात कपड्याशिवाय कोणीच राहत नसे. कापसाचे तंतू आत जाऊ नयेत म्हणून आईने कॉम्प्युटरलाही खोळ शिवली होती. काठाला वेलबुट्टी, समोर बटणापुरतं भोक. आपा येणार म्हटलं की आई ती काढून घडी घालून ठेवायची. मी तर ती रोज पाहून पाहून विसरूनच गेले होते. आपाने खोळीखाली हात घातला. मागची जाळी तव्यासारखी तापली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला सगळं कळलं. गरम हवा खोळीतच कोंडत होती.

तेवढ्यात पदराला हात पुसत आई बाहेर आली. "सापडलं काय वं आपा? मायं काही चुकलं काय?"

"नाही काकू. याचा पंखा मरून राह्यला."

धडधडीत खोटं! पंखा चांगला फिरत होता, मी बघत होते. आपाने पिशवीतून दुसरा पंखा काढला, बसवला, आणि मग सहज सांगावं तसं म्हणाली, "नव्या पंख्याले मोकळी हवा लागते, काकू. हे खोळ टीव्हीवर घाला. काय सुंदर शिवली! अन् बेटा, तू तो कापूस मागच्या खोलीत टाकून घे."

आईने मान डोलावली. खोळ पुन्हा चढली नाही, कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला नाही, आणि मला पुण्याला जावं लागलं नाही. खऱ्या कारणाचा विषय मी आईजवळ कधी काढला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आई गेली. दुपारची वेळ होती, मी पुढच्या खोलीत कामाला बसले होते. तिने हाक मारली आणि मी लगेच पोचले. शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. हे आपाने मला दिलं, असंच मी मानते. तिच्यावर माझा फार जीव आहे.

आता आपा कायमची लेकीकडे नागपूरला गेली. जायच्या आधी भेटायला आली, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "आपा, तो पंखा चांगला होता, मला माहीत होतं. पण आईला मी कळू दिलं नाही. तिला फार लागलं असतं."

आपाने हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"काकूले मालूम होतं, बेटा," ती म्हणाली. "त्याच दिवशी फाटकापर्यंत आल्या मायासंगं. म्हणे, 'खरं सांग, माया खोळीनंच झालं ना?' मी हो म्हणलं."

"मग?"

"मंग काय, डोळे पुसले. अन् म्हणे, 'पोरीले नोको सांगजो. मले वाईट वाटलं हे समजलं, त तिले अजून वाईट वाटन.'"