भुकटी चाखणारा

धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी जनावरांच्या खाद्यात मिसळायची भुकटी विकतो. चाऱ्यातून पोटात गेलेलं शिसं ही भुकटी धरून ठेवते, म्हणून ते दुधात कमी उतरतं. हे मी एका दमात सांगतो आणि लोक माना डोलावतात.

एका म्हशीवाल्या म्हाताऱ्यानं मान डोलावली नाही. त्यानं चिमूटभर भुकटी जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "मातीच होय."

"मातीच, पण शास्त्रीय," मी म्हणालो.

"मंग धरलेलं शिसं कोठी जाते?"

"शेणातून बाहेर पडतं."

त्यानं दुपट्ट्याला बोट पुसलं आणि हवेत गोल काढू लागला. "शेण माह्या बांधीत. बांधीत धान. धानाची तनीस म्हशीपुढं. म्हंजे शिसं फिरून घरीच येऊन राहिलं ना जी?"

मी पुडे परत रचायला लागलो. पुडा मात्र त्यानं घेतला. "म्हशीले हे देतो. शेणाले काय द्याचं, ते पुढच्या बाजारी सांगजा."

तेव्हापासून दर बाजाराला तो समोर येऊन उभा राहतो. नुसतं हवेत बोट फिरवतो; आणि मी माझं भाषण घाईघाईनं दुधापाशीच संपवतो.