वर्गणीचा गेम

माझ्या फोनातलं पैसे पाठवायचं ॲप काढून टाकायचं, असं माझ्या जावयानं गेल्या दिवाळीत ठरवलं. ठरवलं म्हणजे मला विचारून नव्हे. पाडव्याला तळेगावाहून आला, फराळ केला, चहा प्याला आणि माझ्या लेकीकडं बघून म्हणाला, "मामांच्या फोनमधलं ते काढूनच टाकूया." मी समोर कॉटवर बसलेलो. गेलेल्या माणसाच्या सामानाचं काय करायचं, असं बोलावं तसं त्यांचं चाललं होतं.

जावई वाईट नाही, हे आधीच सांगतो. कंपनीत हिशोबाच्या खात्यात आहे, आवाज चढवत नाही, आमच्या गावी टाकव्याला आला की चपला सरळ लावून आत येतो. त्याच्या बोलण्याला कारणही होतं. शेजारच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला फोनवर गोड बोलून कुणीतरी त्याचं खातं रिकामं केलं होतं. आणि मी उन्हाळ्यात एका गेमला पैसे पाठवले होते, तो गणपतीला येणार होता, आणि दिवाळी आली तरी त्याचा पत्ता नव्हता.

गेम म्हणजे हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. लांबच्या शहरातल्या चार पोरांनी तो काढायचं ठरवलं होतं. फोनवर त्यांचा व्हिडिओ आला. हिंदीत सांगत होते, आमच्याकडं डोकं आहे, भांडवल नाही. तुम्ही सगळ्यांनी आधी थोडे थोडे द्या, त्यातून आम्ही बनवतो आणि तुम्हाला स्वस्तात देतो. मला ते पहिल्या फटक्यात पटलं. घरात कुणाला विचारलं नाही. माझ्या दुधाच्या पैशातून दिले.

जावई समजावून सांगायला लागला. "मामा, ही खरेदी नाहीये. वस्तू मिळेलच अशी यात कुणी हमी देत नाही. नाही जमलं तर ते सॉरी म्हणणार, संपलं."

"म्हंजे वर्गणी," मी म्हणालो.

"हो, तसंच समजा."

"मग मी काय पहिल्यांदा देतोय का?"

आमच्या गावानं बैलगाडा शर्यतीचा घाट वर्गणीतून बांधला, देवळाचा पत्रा वर्गणीतून घातला. तेव्हा कुणी हमी मागितली नाही. पावती घेतली आणि रोज जाऊन काम कुठवर आलं ते बघत बसलो. तसाच मी या पोरांच्या फोनवरच्या पानावर रोज जाऊन बसत होतो. बाकीचे लोक तिथं इंग्रजीत शिव्या घालत होते, ते लेक आली की मला वाचून दाखवायची. मी फोनपुढं बोलून मराठीत लिहिलं की पोरांनो, अर्धं झालं असेल तर अर्धं दाखवा. माझ्यासाठी दाखवलं की दुसऱ्या कुणासाठी ते माहीत नाही, पण चार दिवसांनी त्यांनी फोटो टाकला. पहिल्या खेपेची बटणं चिकटत होती म्हणून सगळी फेकून दिली, असं खाली लिहिलं होतं. मला बरं वाटलं. पळून जायचं असतं तर बटणं कशाला फेकली असती.

जावयाला यातलं काही पटेना. मोबाईलवर फुकट गेम असतात, ते खेळा, म्हणाला. इथं त्याला माझी बोटं दाखवली. जन्मभर म्हशींच्या धारा काढून बोटांना घट्टे पडलेत, फोनच्या काचेला माझं बोट आहे हेच कळत नाही. दोनदा दाबलं तर एकदा हलतं, तेही भलतीकडं. मला बटण पाहिजे. दाबलं की टक्क व्हायला पाहिजे.

या टक्कची गोडी जुनी आहे. तरणा होतो तेव्हा कान्हे स्टेशनापर्यंत सायकल आणि पुढं लोकल, असं लोणावळ्याला हॉटेलात दूध घालायचो. परतताना बाजारातल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. रिकामे कॅन दाराशी ठेवून आत शिरायचो. डोक्याला टोपी, अंगाला दुधाचा वास आणि हातात मोटारीच्या खेळाचा दांडा. सुट्टीवर आलेली मुंबईची पोरं आधी मागं उभी राहून हसायची, आणि मग त्यांचं हसणं थांबायचं, कारण माझी गाडी काही केल्या आपटायची नाही. "काका, आता आमचा नंबर," अशी विनवणी करायला लावली आहे मी त्यांना. पुढं मोबाईल आले, दुकान गेलं, तिथं चिक्कीवाला बसला. तसली बटणं पुन्हा दिसली ती या पोरांच्या व्हिडिओत.

हे सगळं जावयाला सांगितलं नाही. काही गोष्टी जावयाला सांगायच्या नसतात.

शेवटी लेकीनं मधला मार्ग काढला. चैत्रात गावची जत्रा. तोवर गेम आला आणि धड चालला तर ॲप राहील. नाहीतर मी मुकाट्यानं फोन जावयाच्या हातात द्यायचा, आणि तिथून पुढं खताची पिशवी आणायची तरी लेकीला फोन करायचा. निवाडा कुणी करायचा? तर कारभारणीनं. जावई लगेच कबूल झाला, कारण माझी बायको कुणाच्या बाजूची आहे ते त्याला दिसत होतं. ती आतूनच म्हणाली होती, "ह्यांना आता खेळनं पायजे. उद्या पाळना मागत्याल."

मीही कबूल झालो. मागं सरायचं माझ्या अंगात नाही.

पुढचे महिने टपरीवर बसणं मुश्कील झालं. लांबून कुरिअरची गाडी दिसली की कुणीतरी म्हणायचं, "आबा, उटा, तुमचं वैकुंठाचं इमान आलं." मी चहा पीत राहायचो. आतून मात्र फार बेचैन होतो. पैसे बुडाले असते तर सोसलं असतं. पण आपल्याच लेकीला विचारून आपलेच पैसे खर्च करायचे, ही कल्पना मला सोसत नव्हती. एका वासरापासून हा दुधाचा व्यवहार मी एकट्यानं वाढवला. चौथीतून शाळा सुटली, जोडाक्षरं अजून आडवी येतात, पण दुधाचा एक पैसा कुणी मला फसवून नेलेला नाही.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात गेम आला. कुरिअरवाला फाट्यावरच्या टपरीत टाकून गेला, त्यामुळं माझ्याआधी गावानंच बघितला. पिस्ता रंगाचा, पावशेर चिक्कीच्या पुड्याएवढा. डावीकडं बाणांची फुली, उजवीकडं चार गोल बटणं. मी तिथंच दाबून बघितलं. टक्क.

आता मला कुणी विचारतं की आबा, घ्यावा का, तर मी बैल सांगावा तसा सांगतो. बैल घेताना आधी खोड विचारतात. माझ्या गोठ्यात आजवर आलेला एकही बैल बिनखोडीचा नव्हता. एकजण दुसऱ्याच्या हातचं पाणी प्यायचा नाही, एकजण पूल दिसला की उभा राहायचा. या गेमच्याही खोडी आहेत. ओट्यावर उन्हात बसलं की पडद्यावर काही दिसत नाही, आत अंधारात यावं लागतं. आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा, मी तो बंदच करून ठेवलाय. टीव्हीला वायर लावून मोठ्यावर खेळायची सोय आहे, पण तिथं बटण दाबल्यावर चित्र जरा उशिरा हलतं. मराठीतून देतो म्हणाले होते, दिलं हिंदीतून. त्यावरून त्या पोरांशी माझं अजून भांडण चालू आहे. पण उचलला की चालू होतो, बटणं चिकटत नाहीत, आणि दुकानातल्या मोठ्या कंपनीच्या गेमच्या किमतीत असले कितीतरी येतील. घाई असणाऱ्यानं यात पडू नये. ज्याला वर्गणी देऊन गप बसता येत असेल त्यानं खुशाल घ्यावा.

तर गेम आला. मी मोटारी पळवायला लागलो. हात विसरला नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी कारभारीण भाकरीचं पीठ चाळून आली आणि म्हणाली, बघू तरी काय एवढं. मोटारी तिला आवडल्या नाहीत. पण आत एक विटांचा खेळ आहे, वरून वेड्यावाकड्या विटा पडतात, त्या फिरवून नीट बसवायच्या, ओळ भरली की नाहीशी होते. तो तिनं धरला. जन्मभर तिनं दुसरं काय केलंय? गोवऱ्या रचल्या, पेंढ्या रचल्या, पाहुणे आले की सगळी भांडी एका फळीवर बसवली. दुसऱ्या दिवसापासून दुपारचा गेम मला मिळेनासा झाला. मी टीव्हीला वायर लावून दिली, डोळ्यांना त्रास नको म्हणून.

पण गंमत बघा, खेळून झालं की खाली ठेवताना ती रोज म्हणायची, "काय भिकार गेम हाय." आणि म्हणताना चेहरा अगदी खरा. त्यामुळं निवाडा काय होणार याचा मला अंदाज येईना. विचारावं तर म्हणायची, "जत्रंला सांगीन."

जत्रेला लेक-जावई सकाळीच आले. देवाला जाऊन आले, जेवणं झाली, आणि जावयानं आपण होऊन विषय काढला. मी गेम त्याच्या हातात दिला. त्यानं उलटासुलटा केला, वजन बघितलं, म्हणाला, आला हे खरं, मानलं, मामा. पण धड चालतो का ते बघायचं ठरलंय. मग टीव्हीसमोर बसला आणि त्यानंही नेमका विटांचाच खेळ काढला. लहानपणी त्याच्याकडं तसला छोटा गेम होता म्हणे, आळीत त्याला कुणी हरवत नसे.

चांगला खेळला. पण विटा जोरात पडायला लागल्या तशी त्याची गडबड झाली. एक आडवी अडकली, तिच्यावर दुसरी, ढीग वर टेकला आणि त्याच्या गुणांचा आकडा तिथंच थांबला.

"बघितलंत? बटण दाबलं की उशिरा हलतं," तो म्हणाला. "आता हा दोष आहे की नाही? मामी, तुम्हीच सांगा."

खोटं नव्हतंच ते. लेकीनं माझ्याकडं बघून मान खाली घातली. मी फोन खिशातून काढून कॉटवर ठेवलासुद्धा.

कारभारीण पदराला हात पुसत बाहेर आली. जावयासमोर ती कधी बसत नाही. पदर डोक्यावर घेऊन दाराला टेकून उभी राहते, त्याला आधी वाढते, तो उठेस्तोवर स्वतः जेवत नाही. ती म्हणाली, "पाव्हनं, मी बगू का जरा?"

जावयानं हसून गेम तिच्या हातात दिला. लेकीनं पाट सरकवला. ती बसली, पदर सावरला आणि सुरू झाली. सुरुवातीला जावई सांगत होता, मामी, डावीकडं घ्या, मामी, फिरवा. थोड्या वेळानं त्याचं सांगणं बंद पडलं. विटा पावसाच्या सरीसारख्या यायला लागल्या आणि ही प्रत्येक वीट फळीवर ताट ठेवावं तशी ठेवत होती. जावयाचा आकडा जवळ आला, अगदी एका ओळीवर आला, आणि हिनं बटण दाबून खेळ मध्येच थांबवला.

मला कळलं ते का. जत्रेच्या दिवशी, जेवायला बोलावलेल्या जावयाला, सासूनं हरवायचं? तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"पाव्हनं," ती म्हणाली, "राग न्हाई ना यायचा?"

"अहो मामी, खेळा हो. तुम्ही काय..." तो म्हणाला, आणि पुढचं त्यानं गिळलं.

तिनं बटण दाबलं. जावयाचा आकडा मागं टाकला आणि बराच वेळ पुढं जात राहिली. मग आपण होऊन गेम खाली ठेवला. मी वाट बघत होतो, पण या वेळी ती भिकार म्हणाली नाही.

"मामी, तुम्हाला ते उशिराचं जाणवत नाही?" जावयानं विचारलं. आता तो खरोखर विचारत होता.

"जानवतंय की. म्हून जरा आदीच दाबायचं. दूध उतू गेल्यावर ग्यास बंद करून काय उपेग? वर यायला लागलं की करायचा." मग ती उठली, पुन्हा दाराशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खोड हाय. दोष न्हाई. ह्यांचं काय ते ॲप फोनातच ऱ्हाऊ द्या."

मी फोन उचलून खिशात घातला. सावकाश घातला, सगळ्यांना दिसेल असा. जिंकलो मी. खेळली ती, पण घेतला कुणी होता? सगळं घर नको म्हणत असताना त्या पोरांवर विश्वास कुणी टाकला होता? जावई दिलदार, त्यानं हात जोडले. मी म्हणालो, "पाव्हनं, तुमची काळजी बरोबर हुती. मानूस चुकीचा धरला तुमी."

लेक हसायला लागली. मला आणखी बोलायचं होतं, बरंच बोलायचं होतं. पण कारभारीण आत गेली आणि आपला फोन घेऊन बाहेर आली. तिचा फोन म्हणजे लेकीनं दिलेला जुना, ती त्यावर फक्त लेकीशी बोलते. तो तिनं जावयासमोर धरला.

"ह्याच्यातबी टाका ते," ती म्हणाली. "बचत गटाचं पैसं हायेत माझं. दरखेपी ह्यांना इचारत बसू का मी?"

जावयानं माझ्याकडं बघितलं. मी पुन्हा छताकडं बघायला लागलो, पण या वेळी तिथून काही सुचेना. त्यानं चष्मा वर केला, तिचा फोन घेतला आणि ते ॲप त्यात घालून दिलं. मग म्हणाला, "मामी, आता एक गुप्त आकडा टाका. कुणाला दाखवायचा नाही."

तिनं फोन छातीशी धरला आणि आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. आम्ही भिंतीकडं तोंडं केली.