पाऊणमामाचा तळहात

सगळे त्याला पाऊणमामा म्हणायचे. गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या डेपोत कामाला. पण टाक्या उचलणारे गडी वेगळे, मामाचं काम फक्त हात लावायचं. लाँड्री, बेकरी, हॉस्पिटलचं स्वयंपाकघर, जिथं भिंतीला साखळीनं बांधून उंच टाक्या उभ्या केलेल्या असायच्या तिथं जायचं, मगभर गरम पाणी टाकीवर ओतायचं आणि तळहात वरून खाली फिरवायचा. वरचा पत्रा कोमट लागतो. गार जिथून सुरू होतं, तिथपर्यंत आत गॅस. "पाऊण." "निम्मी." "पाव राहिलीय, उद्या बदला." विषय संपला. एकतीस वर्षांत मामा एकदाही चुकला नाही. कुणी टाकी हलवून बघायला लागलं की खेकसायचा, "खुळखुळा आहे का तो?"

मागच्या थंडीत बेकरीत त्यानं असंच पाणी ओतलं, हात फिरवला, आणि हाताला काहीच लागलं नाही. वर कोमट नाही, खाली गार नाही. जाड हातमोजा घातल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, साखरेनं नसा मेल्यात, आता परत येणार नाहीत. मामानं तपासणीचा कागद घडी करून खिशात घातला आणि तोंड शिवलं. सांगितलं असतं तर डेपोच्या मालकानं फाटकावर स्टूल टाकून बसवलं असतं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत.

मग सोंग सुरू झालं. पाणी ओतायचं, हात फिरवायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं, "ही कधी बसवली हो?" दिवस मोजून अंदाज ठोकायचा. वर्षभर खपून गेलं.

"मामा, या हाताचा विमा काढा," लाँड्रीवाली म्हणायची. मामा हसायचा, पण नजर टाकीवर.

घरी मामीची छाती अधू. थंडीत खोली गरम नसली की खोकून खोकून तिचे ओठ निळे पडायचे. खोलीत गॅसचा हीटर, टाकी बाहेर खिडकीखाली. यंदाच्या थंडीत एके दिवशी सकाळी निघताना मामानं टाकीवर पाणी ओतलं, हात फिरवला. मनात हिशेब केला: बसवून नऊ दिवस, रोज संध्याकाळी दोन तास.

"निम्मी आहे गं," तो खिडकीतून ओरडला.

"नीट बघितलंत ना?"

"आता तू शिकवणार मला?"

"छे हो, माझी काय बिशाद! जा, उशीर होईल."

संध्याकाळी दार उघडलं तर आत बाहेरच्यापेक्षा गार. मामी खाटेवर मुटकुळं करून पडलेली. दोन रजया, त्यावर मामाचा जुना कोट, डोक्याला टॉवेल. हीटर विझलेला.

"कधी विझला?"

"तुमची पाठ वळल्यावर पेटवला, आणि लगेचच."

"अगं मग डेपोत फोन करायचा! निदान शेजारी तरी सांगायचं!"

"काय सांगू? पाऊणमामाच्याच घरची टाकी संपली म्हणून?" तिला धड बोलता येत नव्हतं. "तुमचं हसं झालं असतं."

मामा धावत डेपोत गेला, भरलेली टाकी आणली, जोडली, हीटर पेटवला. अर्ध्या तासानं मामीचे दात वाजायचे थांबले.

"निम्मी होती ती. संपली कशी?" मामा हीटरजवळ बसून पुटपुटला.

"दिवसाही लावत होते मी," मामी हळूच म्हणाली. "खोकला थांबेना. तुम्हाला सांगितलं असतं तर कामावर गेला नसतात. काल झाडताना टाकी सरकवली, हलकी लागली होती. पण तुम्ही निम्मी म्हणालात. म्हटलं, आपलाच हात खोटा."

तेवढ्यात जळकट वास आला.

"अहो, हात! हात काढा!"

मामाचा तळहात हीटरच्या जाळीला टेकलेला होता. त्याला पत्ताच नव्हता. मामीनं हात ओढून घेतला, पाण्यात बुडवला आणि बघत राहिली. कातडी सोललेली, आणि हा माणूस साधं 'हाय' करत नव्हता.

"कधीपासून?"

"मागच्या थंडीपासून."

"वर्षभर?" ती उठून बसली. "हॉस्पिटलच्या टाक्यापण अशाच बघता?"

मामानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून तो लाँड्रीत गेला. लाँड्रीवालीनं नेहमीसारखा गरम पाण्याचा मग पुढं केला. "काय मामा, पाऊण?"

मामानं मग घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"डेपोतून काटा मागवा. वजन करा."

ती खो खो हसली. "काट्यापेक्षा तुमचा हात बरा!"

"मेलाय तो, बाई. वर्ष झालं."

तिचं हसू तिथंच थांबलं. मग तो बेकरीत गेला, तेच बोलला. मग हॉस्पिटलमध्ये. मालकाकडे शेवटी गेला.

आता तो फाटकावर स्टुलावर बसतो. मामीचा खोकला त्या दिवसापासून छातीतच बसलाय, थंडी सरली तरी उतरला नाही. घरच्या टाकीवर पाणी तीच ओतते, हात तीच फिरवते, आणि खोकल्याची उबळ थांबली की आत सांगते, "पाव राहिलीय हो."

मामा लगेच नवी टाकी आणायला चपला घालतो. खरं का, असं विचारत नाही.