पडद्यामागचा देव

परवा आमच्या गावात रतिलालकाका आले. मूळचे इथलेच, वय चौऱ्याऐंशी, पाठ थोडी वाकलेली, पण एसटीतून उतरल्या उतरल्या मान वर करून उजेड कुठून येतोय ते बघणार... आयुष्यभराची सवय.

काका मुंबईला टीव्हीचे कॅमेरामन होते. मुंबईत टीव्ही सुरू झाला तेव्हापासून रिटायर होईपर्यंत. पण कॅमेरा हाती यायच्या आधीची त्यांची एक गोष्ट मला ठाऊक नव्हती, ती चहा पिता पिता त्यांनी सांगितली. तुम्हाला सांगावीशी वाटली.

साठच्या दशकाची सुरुवात. काका तेव्हा विशीतले, यात्रेयात्रेतून फिरणाऱ्या तंबूच्या सिनेमात मशीन चालवायचे. फिल्मचं भयंकर वेड! तुटलेले तुकडे पत्र्याच्या डबीत जमवायचे आणि दुपारी कापसाच्या शेतात बसून एकेक तुकडा उन्हाकडे धरून बघायचे.

तेवढ्यात मुंबईच्या एका स्टुडिओतून ओळखीच्या माणसाचं पत्र आलं. कॅमेऱ्याचं सामान उचलायला माणूस हवा आहे, महिन्याभरात ये. काकांना तर स्वर्ग दोन बोटं उरला... पण वडील नव्हते, घरात माय एकटी. तिच्या होकाराशिवाय गाव सोडायचं नाही, हे त्यांचं मनाशी ठरलेलं.

आणि माय 'हो' म्हणेना.

कारण ऐकून मला आधी हसू आलं. त्या काळी आमच्याकडे तंबूत पुरुष पडद्याच्या पुढे बसत आणि बायका पडद्याच्या मागे. कापड पातळ, चित्र पलीकडूनही दिसायचं... पण उलटं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. मायनं आयुष्यात एकच सिनेमा पाहिला होता, देवाचा, आणि त्यात देवानं भक्ताला आशीर्वाद दिला तो डाव्या हातानं!

"हाऊ कसा देव शे रे? डावा हात वर करस!" माय म्हणाली. "असा उलटा काममा मन्हा पोऱ्या नको."

काकांनी तिला समजावलं. अगं माय, देव उजवाच हात वर करतो, पुढच्या बाजूनं नीट दिसतं. तुम्ही मागे बसता म्हणून उलटं दिसतं.

मग माय म्हणाली, "म्हणजे माणसेसले सरळ देव... मग आम्हाले उलटा काबर?"

काका मला म्हणाले, "मशीन मी चालवायचो, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता."

पुढच्या यात्रेत तोच सिनेमा लागला. काकांनी मायला हात जोडून आणलं, मागे बायकांत बसवलं. सगळा सिनेमा नेहमीसारखा चालला. शेवटचं, देव प्रकट होतो ते रीळ मात्र त्यांनी पट्टी पालटून उलट्या बाजूनं मशीनवर चढवलं.

त्यानं चित्र पालटतं, मागून सरळ दिसतं. पण पट्टीच्या एका कडेला आवाजाची बारीक रेघ असते, तीही पालटून दुसरीकडे जाते आणि आवाज बंद पडतो. काकांना हे माहीत होतं... दहा मिनिटं सिनेमा मुका होणार, आणि नोकरीही जाणार.

देव आला. पुढे एकच गोंधळ... "ए मशीनवाला, आवाज कथा गया?" "देवनं तोंड शिवी टाकं का रे?" शिट्ट्या, आरडाओरडा. कुणी तरी मशीनकडे चप्पलही भिरकावली.

मागच्या बाजूला देवानं उजवा हात वर केला.

तिकडे एका बाईनं हळूच आरती धरली. दुसरीनं साथ दिली, टाळ्या सुरू झाल्या, आणि बघता बघता पडद्यामागून सगळ्या बायकांचा आवाज तंबूभर पसरला. पुढची माणसं गप्प होत गेली... काहींनी टोप्या सारख्या केल्या आणि हात जोडले.

सिनेमा सुटल्यावर तंबूच्या शेठनं काकांना तिथल्या तिथे काढून टाकलं. बाहेर माय उभी होती.

"शेठ काय म्हने?"

"काढी टाकं माय."

"बरं जयं," माय म्हणाली. "आते मुंबईले जाय. मन्ही ना नही."

काका गेले. सामान उचलता उचलता कॅमेरा शिकले, पुढे टीव्हीत आले आणि मोठमोठे सोहळे टिपले. मायचं हे सांगताना मात्र त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे मंदिरात आरतीला गेलो. वीस वर्षांपासून माझी जागा ठरलेली, पुरुषांच्या रांगेत, मूर्तीच्या अगदी समोर. काय वाटलं कोण जाणे, त्या दिवशी मी मागे बायका उभ्या राहतात तिथे आमच्या हिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या... हसू देत.

समोर दगडी खांब. मूर्ती दिसतच नव्हती.

मी हिला विचारलं, तुला इथून देव दिसतो का गं?

"खांब दिसस," ती म्हणाली. "पण आरतीना उजेड पडस ना त्यावर... तितलामा समजी जास."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली आमच्या. ती रोज तिथे उभी राहायची आणि मी रोज पुढे... दुसऱ्या दिवसापासून माझी जागा मी तिला दिली आहे. खांबावरचा उजेडही पुरतो हो, मी आता बघतो आहे ना.